बोलाफुलाची गाठ

अक्का,

तुझा तेरावा परवा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, आणि लातूरच्या तुझ्या या घरात आता मी आणि रुबिना दोघीच उरलो आहोत. तुझ्या मेसच्या जुन्या पोरी जेवायला आल्या होत्या. जेवण झाल्यावर सवयीनं आपापलं ताट घासून पालथं घालून गेल्या. स्वयंपाकघराच्या दारावर तू चिकटवलेला कागद अजून तसाच आहे. 'या घरात वाईट बोलू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, असं मी दरवेळी विचारायची आणि तू दरवेळी वर बोट दाखवायचीस. वर पंखा होता.

मला आता नांदेडला परतायला हवं. शाळा सुरू आहे, दहावीच्या पोरांचं व्याकरण राहिलंय. पण तुझ्याशी चाललेलं एक भांडण अर्ध्यावर राहिलं, ते संपवून जावं म्हणून बसले आहे. 'संपवून' म्हटलं बघ. तू असतीस तर तिथल्या तिथं टोकलं असतंस, "संपवून म्हणू न्हाई गं, वाढवून म्हण."

ही आईची शिकवण. आपल्या घरात मीठ कधी संपलं नाही, ते वाढलं. बांगडी फुटली नाही, ती वाढवली. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. कारण घराला कान असतात आणि वास्तू दिवसभर तथास्तु, तथास्तु म्हणत बसलेली असते. आपण जे बोलू त्याला ती हो म्हणते, मग ते चांगलं असो की वाईट. लहानपणी मला त्या वास्तूची कीव यायची. दुसरं कामच नाही बिचारीला.

आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत नाही, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

त्या वर्षी तू गणपतीला माहेरी आली होतीस. आपलं गाव निलंग्याच्या बाजूचं, घर दगडमातीचं, वर माळवदाचं छत. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी दहावी होऊन घरी बसले होते आणि पुढं शिकायला लातूरला तुझ्याकडं यायचं म्हणत होते. आई सोडत नव्हती. विसर्जनाच्या संध्याकाळी तू बायकांबरोबर मिरवणूक बघायला गेलीस आणि मागं आमची जुंपली. आई म्हणाली, हे घर सोडून कुठंही जायचं नाही. मी भिंतीवर हात आपटला आणि ओरडले, "पडू दे एकदाचं हे घर! मग तरी जाऊ देशील ना?" आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. म्हणाली, "आसं बोलू न्हाई बाई. तथास्तु म्हणती ती." मी रुसून बाज अंगणात ओढली. तू आल्यावर विचारलंस, "कामून गं भाईर?" मी म्हटलं, "उकडून राहिलंय." तू आणखी काही विचारलं नाहीस. माझ्या शेजारी आडवी झालीस. आई आत झोपली.

पहाटे घर पडलं. आपलं एकट्याचं नाही, सगळं गाव पडलं, आसपासची गावं पडली. पण सोळा वर्षांच्या मला एकच घर दिसत होतं. तू दोन्ही हातांनी माती ओढत होतीस, दगड बाजूला करत होतीस, तुझी नखं गेली. मी नुसती उभी होते. माझ्या तोंडावर आईचा हात अजून आहे असं वाटत होतं. आई सापडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

ते वाक्य आई आणि मी, दोघींनाच माहीत होतं. एक गेली. दुसरीनं ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधून तूच मला उचलून लातूरला आणलंस. दाजी शिंपी, एका खोलीत मशीन आणि एका खोलीत संसार. त्यात मी. तू काजं-बटणं करत बसायचीस आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायची. कॉलेज केलं, बीएड केलं, नांदेडला मराठीची बाई म्हणून लागले. आई जिला सोडत नव्हती ती मी तुझ्यामुळं शिकले. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. बहिणीला काय धन्यवाद द्यायचे, असं वाटायचं. द्यायला हवे होते.

त्या पहाटेची एक सवय मात्र दोघींनी सोडली नाही. झोपताना उशाशी तांब्या आणि तांब्यावर उपडा पेला. जमीन हलली तर माणसाआधी पेला वाजतो. पुनर्वसनाच्या नव्या गावातही बायका असंच करायच्या. माझ्या नवऱ्याला अजून वाटतं, मी पाणी झाकून ठेवते.

दाजी गेल्यावर तू मेस काढलीस. तोवर लातूर पार पालटलं होतं. गल्लोगल्ली क्लास, चौकाचौकात निकाल लागलेल्या पोरांचे हसरे फोटो, आणि ज्याच्या त्याच्या घरावर भाड्याच्या खोल्यांचा एक मजला चढलेला. तुझ्याकडं मुली राहायला आल्या, सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या. काही पहिल्याच वर्षीच्या, काही रिपीटर. तुझा कायदा असा की घरात जी 'माझा नंबर लागायचा नाही' म्हणेल तिनं खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची. त्यामुळं परीक्षेच्या महिन्यात तुझ्याकडं चटणीचे डबे ओसंडून वाहायचे. मी नांदेडला परतताना पिशवीभर घेऊन जायची. आमच्या शाळेतल्या बायका चटणीवरून अंदाज बांधायच्या, यंदा पेपर अवघड दिसतोय.

तिथवर गंमत होती. मग एका क्लासनं कुणा कोटवाल्या सरांचं भाषण ठेवलं आणि मुलींबरोबर तूही जाऊन बसलीस. संध्याकाळी तुझा फोन. "सुधे, आई म्हणत व्हती ते खरंच हाय गं. त्याला सिद्धांत म्हणतेत. आकर्षणाचा. आपण जे मनात धरतो ते आपल्याकडं येतंय." आणि तू रडायला लागलीस. आनंदानं रडते आहेस असं मी समजले. मी म्हटलं, "अक्का, आईनं हे फुकट शिकवलं होतं, त्याला कोट लागत नव्हता." तू फोन ठेवलास.

त्या सरांनी वही दिली होती. रोज सकाळी एक वाक्य एकवीस वेळा लिहायचं. आणि अट अशी की 'होईन' लिहायचं नाही, 'झाले आहे' लिहायचं. 'मी डॉक्टर झाले आहे.' ब्रह्मांडाला म्हणे भविष्यकाळ कळत नाही. इथं माझं डोकं फिरलं. आठवीच्या पोरांना कळतो, ब्रह्मांडाला कळत नाही? त्याला नेमका पूर्ण वर्तमानकाळच कसा काय कळतो, आणि तोही मराठीतला? तू हसलीस. तू स्वतःही वही सुरू केली होतीस. 'मी निरोगि आहे, माझ्या मूली सूखी आहेत.' मी पर्समधून लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तू म्हणालीस, "बाई, नापास करू नका हां मला." तुझ्याशी भांडायला एवढी मजा यायची की आपण खरंच कशावर भांडतोय हे माझं मला कळायचं नाही.

त्या साली तुझ्या घरातल्या एकीचा नंबर लागला. तू पेढे घेऊन नांदेडला आलीस. म्हणालीस, बघ. मी म्हटलं, "अक्का, याला मराठीत बोलाफुलाला गाठ म्हणतात. कौल लावून बसावं, बोलायला आणि देवाच्या अंगावरचं फूल पडायला एकच वेळ यावी. त्याचा सिद्धांत होत नाही. तुझ्या घरात अकरा जणींनी वह्या भरल्या. दहा जणींच्या वह्यांचं काय?" तू म्हणालीस, त्यांनी मनापासून भरल्या नसतील. हे वाक्य मला इतकं लागलं की मी पेढा खाली ठेवला.

त्या दहांतली एक रुबिना. धर्माबादची, वडील घड्याळं दुरुस्त करणारे. घरून येताना मिरची घेऊन यायची, 'चटणी मलाच कुटायचीय, तर मिरची तरी आमची असू दे,' म्हणून. वहीवर 'डॉ. रुबिना' असं लिहिलेलं. तिसऱ्या खेपेलाही तिचं झालं नाही, तेव्हा मी योगायोगानं इथंच होते. पोरगी जेवेना. मी जवळ बसले तर म्हणाली, "मॅडम, माझीच चूक हाय. एक दिवस लिहिता लिहिता दिलात आलं, की नहीं होता. तितकंच. एकच दिवस." अक्का, मी त्या पोरीकडं बघितलं आणि मला अंगणातली ती बाज दिसली. मी तुझ्यावर ओरडले. नंबर लागला की सिद्धांत खरा आणि नाही लागला की पोरगी खोटी, हा कुठला न्याय? आशा खोटी निघाली तर माणूस रडून मोकळं होतं. तुमची आशा खोटी निघाली की वरून गुन्हाही डोक्यावर ठेवून जाते. तू सुपात शेंगदाणे घेऊन निवडत बसलीस. मला वाटलं, मी जिंकले.

खरं सांगू का? तुझं म्हणणं खरं असतं तर आईला मी मारलं असं झालं असतं. म्हणून मी भांडत होते. व्याकरणासाठी एवढं कोण भांडतं?

मग दिवाळी आली. पहिल्या अंघोळीला मला उटणं लावताना तुझा डावा हात वर जाईना. मी पदर बाजूला केला आणि बघितलं. गाठ लपण्यासारखी राहिलीच नव्हती. "किती दिवस झाले?" "उन्हाळ्यापासनं आसंल." "आणि गप्प बसलीस?" "बोललं की व्हतं गं, सुधे. मी रोज लिहून राहिले ना." वही उशाखाली होती. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज एकवीस वेळा, मी निरोगी आहे. माझ्या लाल पेनानं सुधारलेलं ऱ्हस्व-दीर्घ तू पुढं एकदाही चुकवलं नव्हतंस.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. तुला बाहेर बसवून मला एवढंच म्हणाल्या, "थोडं आधी आणायचं होतं." हे 'थोडं आधी' मी आयुष्यभर उशाशी घेऊन झोपणार आहे. आणि वर्गात ती बोलाफुलाची म्हण शिकवायची वेळ आली की आता माझी जीभ अडखळते. तू दवाखान्यात असताना एका पोरानं विचारलं, बाई, गाठ म्हणजे काय. मी फळ्याकडं तोंड केलं.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात मी तुला जे बोलले, ते मला इथं लिहायलाच हवं. तू पुन्हा नवी वही मागितलीस. मी दिवसभराची थकलेली होते, नांदेडहून एसटीनं उभी आले होते. मी म्हटलं, "त्या वहीनंच मारलं तुला." तू डोळे मिटलेस. मग आईच्याच आवाजात म्हणालीस, "सुधे, घरात आसं बोलू न्हाई." मी म्हटलं, "हे घर नाही. दवाखाना आहे." तू म्हणालीस, "दवाखान्याला बी भिंती हायत."

भांडण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुला आयसीयूत नेताना तू 'येते' म्हणालीस, आपल्या रीतीप्रमाणं, आणि मी मान हलवली.

रुबिना आता इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. तूच तिला घरी ठेवून घेऊन तो कोर्स करायला लावलास, हे मला नंतर कळलं. तेराव्याच्या रात्री भांडी आवरताना मी तिला विचारलं, तुला राग नाही येत का अक्काचा? तीन वर्षं तुला खोटं सांगितलं. तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "मॅडम, तिसऱ्या बारीला मी गच्चीवर जाऊन बसले व्हते. लई वाईट इचार येऊन राहिले व्हते. अक्का आल्या. मला वाटलं, वहीचं काहीतरी सांगतील. काई सांगितलं न्हाई. म्हणल्या, खाली चल, मिरची संपली." मी म्हटलं, "संपली म्हणाली? अक्का?" "हाव. संपली म्हणल्या. म्हणून तर मी उठले. मला वाटलं, काहीतरी लईच झालंय." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो.

नंतर तिनं तुझी शेवटची वही आणून दिली. दवाखान्यात तुझ्या उशीखाली होती, माझ्या हाती लागू नये म्हणून तू तिच्याकडं दिली होतीस. मी लाल पेन शोधलं नाही. पहिल्या पानावर होतं, 'मी बरी झाले आहे', एकवीस वेळा. मी दुसरं पान उलटलं.

'सूधी त्या दिवशी घराला काही बोलली नाही.'

एकवीस वेळा. तिसऱ्या पानावर तेच. चौथ्यावर तेच. पुढं अक्षर मोडत गेलं, ओळी खाली उतरल्या, शेवटी शेवटी नुसतं 'सूधी बोलली नाही' एवढंच. वही भरली होती.

म्हणजे तू ऐकलं होतंस. शाल न्यायला परत आली असशील, दारातच थांबली असशील. ऐकून गेलीस, परत आलीस, 'कामून गं भाईर' म्हणालीस आणि माझ्या शेजारी झोपलीस. नखं जाईस्तोवर माती उपसलीस ती ऐकून. पाठीला पाठ लावून शिकवलंस ते ऐकून. एवढ्या वर्षांत एकदाही, भांडणाच्या भरातही, ते वाक्य तू माझ्यावर फेकलं नाहीस. मी मात्र वहीचं वाक्य तुझ्यावर फेकलं.

पण अक्का, हे काय लिहून ठेवलंस तू? घर माझ्या बोलण्यानंच पडलं असं तू मानत होतीस का, म्हणून ते बोलणं पुसायला बसली होतीस? त्या सरांचं भाषण ऐकून तू रडलीस ते याच्यासाठी? का मी ते मानते हे तुला ठाऊक होतं आणि तू मला सोडवत होतीस? विचारायला तू नाहीस. पहिलं असेल तर मी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून वाढले ते मला नव्यानं बघावं लागेल. दुसरं असेल तर मी तुझ्यापुढं तोंड दाखवायच्या लायकीची नाही. स्वतःला बरं करायचं एक पान लिहिलंस आणि बाकी सगळी वही मला दिलीस. त्या वहीनं काही होत नाही हे मला माहीत आहे. भिंत दगडमातीची होती, म्हणून पडली. गाठ वेळेवर दाखवली नाही, म्हणून वाढली. माझं म्हणणं अजून तेच आहे आणि मी ते वर्गात, वर्गाबाहेर सांगत राहणार आहे. तुझ्यासारखी दुसरी एखादी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत गप्प बसू नये म्हणून तरी सांगणार आहे.

काल संध्याकाळी रुबिना ड्यूटीवर गेली. मी देवापाशी दिवा लावला आणि तुझ्या खोलीत तुझ्या जागेवर बसले. घरात वाईट बोलू नये असा हुकूम आहे, तरी बोलले. मोठ्यानं बोलले. "आई, मी म्हटलं होतं, पडू दे हे घर. अक्का, मी बोलले होते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं. फार लहान वाक्य आहे गं ते. एका पोरीचं.

मग उशाशी तांब्या ठेवला, त्यावर पेला उपडा घातला. आणि मी, मराठीची बाई, आयुष्यभर तुझी वही तपासणारी, भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "अक्का आली आहे." होईल, येईल असलं काही नाही. तुझ्या सरांना हवा तसा पूर्ण वर्तमानकाळ. एकवीस वेळा म्हणाले. मग कान देऊन बसून राहिले.

तांब्यावरचा पेला वाजला नाही.